टपाखालची गादी

वडाळा नाक्याला, टायरवाल्याच्या मागं
गुलाब पिंजारीचं दुकान. पाटी फक्त सीट कव्हरची.
हेरल्ड आत घेतली तेव्हा त्यानं आधी टपावर तळवा ठेवला,
डॉक्टर पोटावर ठेवतात तसा,
आणि म्हणाला, "कापड अजून धड आहे, साहेब.
पण बरगड्या लागतात."

मी ओझरला तेहेतीस वर्षं विमानांच्या पंखांत काढली.
केसभर फरक राहिला तर रात्री झोप यायची नाही.
हा माणूस बोटांनी मोजतो.
मागं दोन बोटं, मधे दीड,
"काचेजवळ कमीच. जाड झालं तर कडी बसणार नाही.
पातळ झालं तर आहेच पुन्हा बरगड्या."

कापड उलटलं. आत दोन पट्ट्या,
डावी आणि उजवी,
लोखंडी कमान आणि कापड
जन्मात एकमेकांना भेटू नयेत म्हणून
सदुसष्ट साली कुणीतरी घातलेल्या.
पार भुगा. काथ्या, पिवळा पडलेला स्पंज,
एका घडीत बडीशेपेचे चार दाणे,
आणि जिथं जिथं कमान, तिथं तिथं
गंजाचा डाग, रुपयाएवढा.

"आधी चुका काढ," गुलाब पोराला म्हणाला.
पोरगं तीन दिवसांचं. त्याला वाटलं, रागावले.
मग पक्कड घेऊन त्यानं एकेक उपटली, बशीत टाकली.
एकशे चौदा. मी मोजल्या, सवय.
"काही सरळ करून परत चालतील," गुलाब म्हणाला.
"सगळ्या नाही."

मी परदेशातून मागवलेला फोम नेला होता, खोक्यासकट.
त्यानं दाबला, वास घेतला, बाजूला ठेवला.
"ह्याला इकडचं ऊन कुणी सांगितलेलं नाही."
त्याची ती नवार, ते मांजरपाट,
आणि हातानं मोकळा केलेला कापूस.
आजा धनुकली खांद्यावर टाकून
पंचवटीत दारोदार गाद्या पिंजायचा.
ती धनुकली आता भिंतीवर, तिला
कुणाच्या तरी हेडलाइटची वायर अडकवलेली.

दुसऱ्या दिवशी कड शिवताना मी म्हटलं,
"कोपरा असा आत घेऊ या, तिरका,
म्हणजे शिवण कमानीवर येणार नाही."
दाभण हातात तसंच धरून त्यानं पाहिलं.
"हे कुठं शिकलात? कारखान्यात?"
"घरी."

कुमुद अकरा महिने अंथरुणाला होती.
टाचा, माकडहाड, उजवं कोपर,
हाड कापडाला कुठं कुठं भेटतं, पाठ आहे मला.
कापसाचं कडं नर्सनं एकदाच करून दाखवलं.
बाकी रात्री बसून जमवलं.
डावी टाच तेवढी राहिली माझ्याकडून.

तिला ही गाडी आवडत नसे.
"बिनदाराचं न्हाणीघर," म्हणायची,
आणि गंगापूर धरणापर्यंत
स्कार्फ करकचून, समोर बघत बसायची.
येताना मात्र सोडायची स्कार्फ. का, ते विचारायचं राहिलं.

पाचव्या दिवशी टप चढवला.
कडी लागली, एकदाच, खट्ट.
गुलाबनं माझा हात धरून कापडावर फिरवला.
"सापडतं का लोखंड?"
नव्हतं सापडत.
मग तिसऱ्या कमानीपाशी, डावीकडं, किंचित.
मी बोललो नसतो तरी चाललं असतं.
बोललो.
त्यानं वाद घातला नाही. चार चुका काढल्या,
चिमूटभर कापूस सारला, परत ठोकल्या.

वीतभर गादी उरली होती. पोरानं मागितली.
डबा खाऊन झाल्यावर ती डोक्याखाली घेऊन
तिथंच फरशीवर आडवा झाला, तोंडावर रुमाल.

पैसे दिले. किल्ली लावली.
स्टार्टर मारणार, तर गुलाबनं
बोट ओठांवर ठेवलं.

मग आम्ही दोघांनी मिळून
गाडी ढकलत रस्त्यावर आणली.